उसन्या साखरेची वाटी

आयुष्यात मी एकच भूमिका केली. पण ती पाच महिने केली, रोज निदान एक प्रयोग, रविवारी दोन. भूमिका कंगाल बाईची. रंगमंच म्हणजे सुरतेच्या गोडादऱ्यातली आमची बारा खोल्यांची ओळ. पुढे सामाईक नळ, मागे मागांचा कारखाना, आणि त्याचा खडखडाट हे आमचं पार्श्वसंगीत. प्रेक्षक म्हणजे ओळीतल्या अकरा बायका. कुणाच्या घरी फोडणीत तेल जरा जास्त पडलं, हे त्या वासावरून सांगायच्या. अशा प्रेक्षकांपुढे पाच महिने तोंडावरचा रंग उतरू दिला नाही. आजही कुणी नट्यांचं कौतुक करू लागलं की मी नुसती हसते. त्यांना घरी जाऊन रंग पुसता येतो. मला घरीही येत नव्हता, कारण ओळीत खोली आणि खोलीमधली भिंत एका विटेची होती.

खरं म्हणजे मी कंगाल नव्हते. आमच्या घरात पैसे होते. बिबड्यांच्या डब्यात, अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत. बिबड्या म्हणजे ज्वारीचे मोठे पापड. उन्हाळ्यात गावी करायच्या, वाळवायच्या आणि पत्र्याच्या डब्यात रचून सुरतेला आणायच्या. पावसाळ्यात त्या भाजून खाल्ल्या की खानदेशी माणसाला निम्मं गाव परत मिळतं. हात लावला की मोडतात, म्हणून दुसऱ्याच्या डब्यात कुणी खोलवर हात घालत नाही. यापेक्षा चांगली तिजोरी मला तेव्हा माहीत नव्हती. बँक होती, पण बँक दुपारी दोनला बंद व्हायची. मला पैसे हवे होते ते नेमके दुपारसाठी.

ते सांगते आणि मोकळी होते. पहिल्या खेपेला मी बाळंतपणासाठी माहेरी गेले होते. सकाळी अकराला सुईण म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, धुळ्याला न्या. गावात जीप एकच. जीपवाल्याने भाडं आधी मागितलं. त्याचंही काही चुकलं नाही, त्याला डिझेल कुणी उधार देत नव्हतं. माझे वडील या घरून त्या घरी फिरले. पैसे जमले, पूर्ण जमले. पण तोवर चार वाजले होते. मी वाचले, बाळ वाचलं नाही. सगळे म्हणाले, नशीब. मी म्हटलं, नशीब कसलं, आमच्याकडे एक दुपार कमी पडली.

दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सुरतेतल्या डॉक्टरीणबाईंनी माझा जुना कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, ‘‘या वेळी ऑपरेशन लागेल असं धरूनच चाला. तीन हजार हाताशी ठेवा. त्या दिवशी शोधायला निघू नका.’’ त्या दिवशी शोधायला निघू नका, हे वाक्य मी घरी येईपर्यंत रिक्षात घोकत होते.

आमचे हे मागावर काम करायचे, पगार मीटरवर. मी घरी साड्यांचे धागे कापायचे. विणताना साडीच्या उलट्या बाजूला जे लोंबते धागे राहतात ते कात्रीने साफ करायचे, दर साडीमागे काही पैसे. माझी सगळी कात्री डब्यात जायची. ह्यांच्या पगारातून पंधरवड्याला थोडं जायचं. तेवढ्यासाठी ह्यांनी तंबाखू सोडली, दुधाचा चहा एक वेळेवर आला, आणि रविवारची कोंबडी कारखान्यामागच्या उकिरड्यावर चरताना दिसायची तेवढीच. डब्यातल्या पैशांना आम्ही ‘दुपार’ म्हणायचो. ‘‘आज दुपारीत किती पडले?’’ असं हे कामावरून आल्यावर विचारायचे.

पण साठवणं हे सोपं काम आहे. अवघड आहे ते साठवलेलं टिकवणं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही असेच सहाशे रुपये बाजूला टाकले होते. मी भाबडी, नळावर बोलून गेले. आठ दिवसांत ह्यांचा चुलतभाऊ दारात हजर. ‘‘दादा, पडेलच शेत ना तुन्हाकडे? माले सायकल लेनी शे.’’ पडलेलेच आहेत ना! सुरतेत आमच्या लोकांचा कायदा असा होता की पडलेला पैसा कुणा एकाचा नसतो. नाही म्हटलं की निरोप पहिल्या गाडीने गावी पोचतो, आणि मग सासूबाईंपासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं की सुरतेला जाऊन हे लोक माजले. सायकल गेली, चुलतभाऊ गेला, सहाशे गेले.

तेव्हा मी एक शोध लावला. आमच्या ओळीत जो उसनं देतो तो श्रीमंत आणि जो मागतो तो गरीब, आणि मागणाऱ्याच्या दारात मागणारा जात नाही. मग कुणी मागायला येण्याआधी आपणच मागत सुटायचं.

आमच्याच ओळीत, तीन खोल्या पुढे जिजी राहायची. पन्नाशीची, उंच, आवाज मागांच्या वर चढणारा. तिच्या दोन्ही मुली गावी दिलेल्या, मुलगा नव्हता. नवरा मागावर, आणि ती घरी कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सुताची जी कांडी बसते, ती चरख्यावर फिरवून भरायचं काम. माझा पहिला प्रयोग तिच्याच दारात झाला.

‘‘जिजी, वाटीभर साखर शे का वं? आमनी संपी गई.’’

‘‘ली जाय, माय. त्यान्हात इचारनं काय?’’

तिने पितळेची वाटी शिगोशीग भरली. मी घरी आले, दार लोटलं आणि ती साखर माझ्या साखरेच्या डब्यात ओतली, जो निम्मा भरलेला होता. चार दिवसांनी त्याच डब्यातून वाटी भरून परत नेली. उसनं परत करताना शिग जरा जास्तच ठेवायची, अशी आमची रीत. मी मात्र भूमिकेला शोभावं म्हणून बोटभर कमी भरायचे, वर पदराने डोळ्याचा कोपरा टिपायचे. जिजी म्हणायची, ‘‘राहू दे वं, एवढं काय!’’ मी मनात म्हणायचे, टाळ्या!

मग हात बसला. तेल, मिरची, बसभाडं. महिन्याला दहा रुपये जिजीकडून घ्यायचे आणि पगाराच्या दिवशी सगळ्यांना दिसेल असे परत करायचे. ह्यांच्या नव्या बनियनला मी स्वतः दोन भोकं पाडली, एक खांद्यावर, एक पाठीवर, वाळत घातल्यावर ओळीतून दिसेल अशा जागी. हे त्या नाटकातले सर्वांत कच्चे नट. पगाराच्या दिवशी शीळ घालत यायचे. मी शीळ बंद केली. मग हसत यायचे. मी म्हटलं, ‘‘कोपऱ्यावर आलात की सासूबाईंची आठवण काढा.’’ म्हणाले, ‘‘माझ्या आईची?’’ म्हटलं, ‘‘नाही, माझ्या आईची.’’ तेव्हापासून चेहरा बरोबर लागायचा.

सातवा महिना लागला तेव्हा दुपारीत दोन हजार शंभर झाले होते. नऊशे कमी. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. एका रविवारी सकाळी कोपऱ्यावरची काकू पाच-सहा बायका घेऊन आमच्या खोलीत शिरली. ही काकू जळगावकडची, ओळीची पुढारी. नळाचं वेळापत्रक, गणपतीची वर्गणी, कुणाचं भांडण कुठवर न्यायचं, सगळं तिच्या हातात. मागे जिजी होती. मला वाटलं, संपलं. कळलं यांना.

‘‘हे बघ,’’ काकू म्हणाली, ‘‘लाजू नको. आम्ही काय आंधळ्या नाही. सातवा लागला, घरात साखर नाही, नवऱ्याच्या अंगावर धड बनियन नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून थोडं थोडं काढलंय. दोनशे साठ आहेत. बाळंतपणाला ठेव.’’

आणि तिने रुमालाची गाठ माझ्या मांडीवर ठेवली.

नाटक इतकं रंगलं होतं की प्रेक्षकांनी उठून नटीला वर्गणी काढून दिली होती! माझ्यापेक्षा गरीब बायकांनी. त्यात पहिल्या खोलीतली विधवा होती, तिचे पाच. नको म्हणावं तर का नको हे सांगावं लागेल. घ्यावं तर ते पाच रुपये हातात घ्यावे लागतील. मी घेतले. डोळ्यांना पाणी आलं, आणि पाच महिन्यांतलं ते पहिलं खरं पाणी होतं. काकूला ते नेहमीचंच वाटलं.

‘‘शंभर एकट्या जिजीचे आहेत,’’ काकू म्हणाली. जिजी म्हणाली, ‘‘सांगानं काय काम व्हतं?’’

मी चहा ठेवायला उठले. काकूने हात धरून बसवलं. ‘‘चहा कशाला? साखर तुझ्याकडे कुठली! त्यापेक्षा दोन बिबड्या काढ. तुझ्या सासूच्या हातच्या चांगल्या असतात.’’

मी तोंड उघडायच्या आत आमचे हे, आज्ञाधारक, फळीवरचा डबा उचलून बायकांच्या मधोमध ठेवून मोकळे. ठेवल्यावर त्यांना आठवलं. त्यांचा चेहरा तेव्हा इतका उत्तम पडला की पाच महिन्यांच्या तालमीत तो कधी तसा पडला नव्हता.

काकूने झाकण काढलं. ‘‘वरच्या मोडल्यात गं सगळ्या. खाली असतील अख्ख्या.’’ आणि बाह्या सरसावून तिने हात आत घातला. मनगटापर्यंत. मी बघत होते. बिबड्यांचा करकर आवाज येत होता. कोपरापर्यंत गेला असता तर बोटांना प्लॅस्टिक लागलं असतं. मांडीवर वर्गणी, समोर तिजोरी, आणि अर्ध्या हाताचं अंतर.

‘‘आई गं!’’ मी ओरडले आणि पोट धरून आडवी झाले.

काकूचा हात बाहेर. डबा कलंडला, ह्यांनी झडप घालून झाकण लावलं आणि डब्यावरच बसले. एक बाई पाण्याला धावली, एक पाय चोळू लागली. सातव्या महिन्यात खोटी कळ काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी आहे ती. मिनिटाभराने मी म्हटलं, ‘‘बरं वाटतंय आता.’’ सगळ्यांनी श्वास सोडला. जिजीने मात्र सोडला नाही. तिने आपल्या घरून मीठ-मिरची आणली, माझ्यावरून उतरवली, चुलीत टाकली. मिरचीचा ठसका आला नाही तेव्हा म्हणाली, ‘‘देखा, कितली दृष्ट लागेल व्हती!’’ ती रात्रीपर्यंत चार वेळा दार लोटून विचारून गेली, ‘‘बाळ हालस का?’’

वर्गणीची गाठ आम्ही तशीच वेगळ्या डबीत ठेवली. बाळंतपण झालं की काही तरी निमित्त काढून ज्याचे त्याला द्यायचे, असं ठरलं. निमित्त सुचत नव्हतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, शनिवारी, साडेदहाच्या सुमारास, कारखान्याचा एका बाजूचा खडखडाट थांबला. मागाच्या ओळीत राहणाऱ्यांना आवाजाची नाही, आवाज थांबण्याची भीती वाटते. मी कात्री खाली ठेवली. दहा मिनिटांत दोन माणसं जिजीच्या नवऱ्याला धरून आणताना दिसली. धोटा उडाला होता. लाकडाचा, टोकाला लोखंड लावलेला धोटा मागातून सुटला की गोफणीतल्या दगडासारखा येतो. तो त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला होता. डोळ्यावर कुणाचा तरी रुमाल होता, आणि रुमालाचा रंग मी इथे लिहीत नाही.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी रुमाल उचलून पाहिला, परत ठेवला आणि चिठ्ठी लिहिली. स्टेशनकडे त्यांच्या ओळखीचे डोळ्यांचे मोठे डॉक्टर होते. ‘‘आजच, संध्याकाळच्या आत टाके पडले तर डोळा राहील. उद्या नाही. तिथे तीन हजार आधी भरावे लागतील, मी फोन करतो.’’ शेठने गल्ल्यातून तीनशे काढून दिले आणि बाकीचं पगाराच्या वेळी बघू म्हणाला. ते तीनशे हातात धरून जिजी ओळीत उभी राहिली. सव्वाअकरा झाले होते.

मग ती निघाली. पहिल्या खोलीपासून. मी दाराआड उभी राहून बघत होते. दुसरी खोली. तिसरी. प्रत्येक दारात ती एकच वाक्य बोलत होती, आणि आमच्या ओळीतल्या बायकांनी आताच तर आपापले डबे झाडून मला वर्गणी दिली होती. कुठे वीस मिळाले, कुठे चाळीस. पाचवी. सहावी. आमची सातवी होती. तिचे पाय आमच्या उंबऱ्यापाशी आले. ती क्षणभर थांबली, माझ्या दाराकडे पाहिलं आणि पुढे आठव्या दारात गेली.

तिने मला विचारलंच नाही! माझा प्रयोग इतका यशस्वी झाला होता.

हे रात्रपाळी करून झोपले होते, आवाजाने उठून बसले होते. मी डब्याकडे बघितलं. त्यांनीही डब्याकडे बघितलं.

‘‘शेठ अजून देईल,’’ हे हळूच म्हणाले.

‘‘कधी?’’

‘‘दुपारपर्यंत जमतील लोक. बारा खोल्या आहेत.’’

‘‘माझ्या वडिलांचेही जमले होते,’’ मी म्हटलं. ‘‘चार वाजता.’’

त्यांनी पायावरची चादर बाजूला सारली. मग म्हणाले, ‘‘आणि तुझं काय? अडीच महिने राहिलेत. एवढे परत कुठून आणायचे?’’ ते बरोबर बोलत होते, हे लक्षात घ्या. ते वाईट माणूस नव्हते. त्या डब्यात त्यांची पाच महिन्यांची तंबाखू होती. माझ्या पोटात बाळाने तेव्हा लाथ मारली. पुढे मला पुष्कळांनी विचारलं की ती लाथ ‘दे’ म्हणाली की ‘नको’ म्हणाली. खरं सांगते, मला कळलं नाही. लाथच होती ती.

मी अर्धा तास तिथे उभी राहिले. हा अर्धा तास मी कुणाला सांगत नाही, इथे लिहून टाकते. वडील या घरून त्या घरी फिरत होते, तेव्हा त्या घरांतही कुणी तरी असं दाराआड उभं असेल का, हे मला त्या अर्ध्या तासात पहिल्यांदा सुचलं. मग मी डबा उचलला.

जिजीच्या खोलीत नवरा भिंतीला टेकून बसला होता, कण्हतही नव्हता. काकू नोटा लावत होती. सगळे मिळून सातशे झाले होते. पावणेबारा. मी डबा मधोमध ठेवला आणि बिबड्या बाहेर काढायला लागले. दोन्ही हातांनी, मोडल्या तरी पर्वा नाही.

‘‘अगं, खायची वेळ आहे का ही?’’ काकू ओरडली.

मी पिशवी काढली. वर्गणीची गाठ तिच्यावर ठेवली. ‘‘दोन हजार तीनशे आहेत. आणि हे तुमचे दोनशे साठ.’’

खोलीत इतकी शांतता पडली की कारखान्याची दुसरी बाजूही थांबली की काय असं वाटलं. टाळ्या नाहीत. काकूचं तोंड उघडं ते उघडंच. जिजीने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

‘‘तुन्ही साखर संपेल नव्हती?’’

‘‘नही, जिजी.’’

‘‘एक दिन बी?’’

‘‘एक दिन बी नही.’’

तिने पिशवी पदरात बांधली, नवऱ्याच्या बगलेत हात घातला आणि रिक्षात बसली. हे धावत त्यांच्याबरोबर गेले, तेच भोकं पाडलेलं बनियन घालून. आता ती भोकं खरी झाली होती.

मागे काकू होती. ती भानावर आली तेव्हा म्हणाली, ‘‘आणि ती कळ? त्या दिवशीची?’’

मी मान खाली घातली.

‘‘माझा हात डब्यात होता म्हणून?’’ तिने कपाळाला हात लावला. मग दुसरा हात पुढे केला. ‘‘माझे वीस. वर्गणीतले. आधी ते दे.’’

वर्गणी जिजीच्या पदरात गेली होती. मी धागे कापून आठ दिवसांत काकूचे वीस फेडले. तिने ते मोजून घेतले.

डोळा राहिला. पुढे त्याला थोडं धूसर दिसायचं, पण राहिला. टाके तीनच्या आत पडले. हे रात्री येऊन म्हणाले, ‘‘डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात,’’ आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मीही झोपले. झोपले म्हणजे डोळे मिटले. रिकामा डबा फळीवर होता आणि दहा आठवडे राहिले होते.

आता गंमत बघा. पैसे होते तेव्हा सगळे मला कंगाल समजत होते. पैसे गेले आणि मी श्रीमंत झाले! ओळीत, पलीकडच्या ओळीत, पार लिंबायतपर्यंत बातमी गेली की हिच्याकडे डब्यात हजारो असतात. लोक येऊ लागले. कुणाला सिलिंडर हवा, कुणाला गावी जायचं भाडं. सायकलवाला चुलतभाऊही आला, त्याला आता मोपेड घ्यायची होती. मी म्हणायचे, खरंच नाहीत हो, खरंच नाहीत. आणि माझ्या ‘खरंच नाहीत’वर विश्वास ठेवणारा माणूस सुरतेत एकही उरला नव्हता.

जिजी आठ दिवस बोलली नाही. नळावर मी आले की हंडा उचलून जायची. नवव्या दिवशी ती दारात उभी राहिली. आत चुलतभाऊ बसला होता, मोपेडचं कौतुक चाललं होतं. जिजी थेट फळीकडे गेली आणि बिबड्यांचा डबा काखेत मारला.

‘‘आजपासून हाऊ डबा मन्हा घर राही,’’ ती म्हणाली. ‘‘ज्याले पैसा मांगना व्हतीन, त्यानी माले मांगा.’’

‘‘पण जिजी, तो रिकामा—’’

‘‘तू गप्प. तुन्ह बोलनं माले आते खरंच वाटत नही.’’

आणि जिजीला पैसे मागायची छाती कुणाची होती? चुलतभाऊ चहा न घेता गेला. तिचा नवरा डोळ्यावर पट्टी बांधून दाराशी खाट टाकून बसायचा, त्याला काम नव्हतंच. पहारेकरी आयताच मिळाला. जिजी दिवसा कांड्या भरायची तशी आता संध्याकाळीही भरू लागली. शेठच्या दारात रोज सकाळी जाऊन उभी राहायची, तिथून कधी पन्नास, कधी शंभर आणायची. डब्यात किती झाले, हे ती मला सांगायची नाही. विचारलं की म्हणायची, ‘‘तू पाच महिने सांगं का माले?’’ मी माझी कात्रीची मजुरी तिच्या हातात नेऊन द्यायचे. ती घ्यायची, दार लावायची, आणि आतून डब्याच्या झाकणाचा आवाज यायचा. माझी सगळी दुपार त्या झाकणाच्या आवाजात होती. पुरेल की नाही, ठाऊक नाही. असे सहा आठवडे मी काढले. उसनं मागायला जाणं सोपं होतं.

कळा तीन आठवडे आधी आल्या. सकाळी आठला, नळावर. काकू बादली टाकून माझ्याकडे वळली, कमरेवर हात ठेवले आणि डोळे बारीक केले.

‘‘खऱ्या?’’

‘‘खऱ्या!’’ मी ओरडले.

‘‘शपथ घे.’’

तेवढ्यात मी खाली बसले आणि माझ्याकडे बघून तिला शपथेची गरज उरली नाही. रिक्षा तिनेच आणली. हे कामावर होते, त्यांना निरोप गेला. जिजी डबा काखेत घेऊन माझ्या शेजारी बसली. रिक्षा उडाली की आत बिबड्या खडखडायच्या. तिने वरून नव्या बिबड्या भरून ठेवल्या होत्या. का, ते विचारायची मला शुद्ध नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, ऑपरेशन, आत्ताच. दारातल्या टेबलामागच्या माणसाने वर न बघता विचारलं, ‘‘बेन, पैसा लाव्या छो?’’

जिजीने डबा त्याच्या टेबलावर आदळला. बिबड्या काढून त्याच्या रजिस्टरवर रचल्या. त्यांच्याखालून पिशवी निघाली. माणसाने नोटा मोजल्या, परत मोजल्या. मी चाकाच्या खाटेवरून बघत होते. दोन हजार सहाशे.

‘‘चारसो ओछा छे,’’ तो म्हणाला.

पुन्हा तेच, मला वाटलं. पुन्हा कमी पडली.

जिजीने पदर खोचला आणि टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली. ‘‘चारशेन्हा बदलामा मी. पैसा उनात का उठसू. तिले मधमा ली जाय.’’ पैसे येईपर्यंत ती स्वतःच तिथे गहाण! त्याला अहिराणी कळत नव्हती, पण दारात बसलेली पाच फूट आठ इंचांची बाई कुठल्याही भाषेत कळते. आतून डॉक्टरीणबाई ओरडल्या, ‘‘अरे, लई आवो एने!’’ आणि खाट हलली. शेवटचं मला दिसलं ते भिंतीवरचं घड्याळ. दहाला दहा कमी होते.

शुद्ध आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि खिडकीतलं ऊन अजून दुपारचं झालं नव्हतं. आमचे हे खाटेच्या पायथ्याशी उभे होते, रडत होते, आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, कुठल्याही सूचनेशिवाय बरोबर लागला होता. चारशे त्यांनी शेठकडून उचल घेऊन भरले होते, म्हणून जिजीची फरशीवरून सुटका झाली होती. तिच्या हातात लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं काही तरी होतं. ते हललं. रडलं.

‘‘किती वाजले?’’ मी विचारलं.

‘‘साडेअकरा,’’ हे म्हणाले.

जिजीने ते गाठोडं माझ्या कुशीत ठेवलं. पोर होती, काळी-सावळी, मूठ आवळलेली. जिजी बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे वळली.

‘‘वाटी कथी शे मन्ही?’’

‘‘कुठली वाटी?’’

‘‘पितळनी. साखरनी. शेवटली खेप तू ली गई ती परत उनीच नही.’’ आणि तिने बोट वर करून दाखवलं. ‘‘आणि दर खेपले एक बोट कमी. पाच महिना. मी काय आंधळी व्हतू?’’

‘‘जिजी, मग तू तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘माले वाटनं, बिचारी गरीब शे,’’ जिजी म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली की नर्स बघायला आली.